उरलंसुरलं

कपाटात बसून बोलते मी.
टिळकनगरला, दुसऱ्या मजल्यावर,
आईच्या इरकली साड्यांत डोकं घालून,
कारण ओजस म्हणतो, कापड आवाज पितं.
पॉडकास्टचं नाव 'उरलंसुरलं':
शिळ्या पोळीचा कुस्करा, रात्रीच्या भाताला सकाळची फोडणी,
ताटाखाली झाकलेल्या भाजीचं पुढे काय करायचं.
बत्तीस भाग. श्रोते चौसष्ट.
त्यातले नऊ माझ्याच विमा कचेरीतले
आणि एक मीच, ऑफिसच्या कम्प्युटरवरून.

"मावशी, असं कोणी आपणहून येत नसतं," ओजस म्हणाला.
"लोक बसलेत तिथे आपण जायचं.
रात्री लाइव्ह खोल्या भरतात. हात वर करायचा,
माइक मिळाला की मिनिटभर शहाण्यासारखं बोलायचं
आणि जाता जाता नाव सांगायचं."

गेले.
ओटा पुसून, ओले हात गाऊनला पुसत
शेअर बाजाराच्या खोलीत हात वर केला.
मग चाळिशीनंतरच्या गुडघ्यांच्या खोलीत.
सोसायट्यांच्या भांडणांच्या खोलीत तर रमलेच, दोन रात्री.
एकदा घटस्फोटितांच्या खोलीत शिरले.
एक मुलगी बोलता बोलता रडायला लागली
आणि नेमका माझा माइक सुरू झाला.
"धीर धर गं," म्हटलं,
आणि त्याच श्वासात, "मी उरलंसुरलं नावाचा..."
कोणी काही बोललं नाही.
गोल गोल फोटो एकेक करून विझले.
त्या रात्री फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला.

मग स्वतःचीच खोली उघडली. दर गुरुवारी, साडेदहा.
पहिल्या गुरुवारी तिघं.
दुसऱ्या गुरुवारी तिघं, पण वेगळे.
भांडुपच्या पाणी-केंद्रावरचे शेलटकर, रातपाळीला,
त्यांच्या मागे सगळ्या शहराचं पाणी घरघरतं.
शीवच्या इस्पितळातली फिलोमिना,
डब्यातल्या घट्ट झालेल्या इडल्यांचं काय करू विचारणारी.

सातव्या गुरुवारी एकशे बारा.
का, माहीत नाही. कोणीतरी कोणालातरी हाक मारली असणार.
दिगंबर पाठारे, माहीम. फोटो नाही, नुसतं 'दि'.
हात कधीचा वर होता, मलाच दिसला नव्हता.
"कोळंबीचं कालवण आहे," ते म्हणाले. "फ्रीझरमध्ये.
श्रीखंडाच्या डब्यात.
वर चिकटपट्टीवर तिनं लिहिलंय, मंगळवार.
त्या मंगळवारला पाच महिने झाले.
खावं, की टाकावं?"

बत्तीस भागांत हे नव्हतं.
कपाटात इतका अंधार असतो हे तेव्हा कळलं.
रेकॉर्ड करताना अडखळले की मागाहून कापून टाकते.
इथे कात्रीच नाही.
फिलोमिना हळूच म्हणाली, "वास बघा ना, काका."
"वास घरभर तिचाच आहे हो."

मग आवाज. झाकण. काचेचं भांडं. दार लागल्याचा खट्ट.
आणि मायक्रोवेव्ह.
चार मिनिटं एकशे बारा माणसं
माहीममधला एक मायक्रोवेव्ह ऐकत बसली.
आकडा हलला तो वरच गेला.
टिंग.
चमचा.
"मीठ कमी आहे," पाठारे म्हणाले.
"नेहमीच असायचं. कधी बोललो नाही."

सकाळी ओजस चप्पल न काढताच घरात.
"क्लिप कुठेय? मावशी, हे केवढं फिरलं असतं!"
नव्हती. रेकॉर्डचं बटण दाबायचं राहिलं, म्हटलं.
(दिसलं होतं, खरं तर.)
श्रोते एकतीसने वाढले.
पुढच्या आठवड्यात बारा गेले.
त्यांना पुन्हा तसंच काही हवं होतं
आणि मी दोडक्याच्या शिरांची चटणी सांगितली.
'दि' येतो. हात वर करत नाही.

आज बुधवार.
मूठभर भात ताटाखाली झाकून ठेवलाय.
उरला नव्हता. उरवलाय.
उद्या बोलायला हवं ना काहीतरी.